नाशिकहून टेक्सासच्या वाळवंटात: ‘आउटर माउंटन लूप’च्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की मला दोन-तीन फोन हमखास येतात. मुलगा ऑस्टिनला नाहीतर मुलगी ह्यूस्टनला असते, आई-बाबा हिवाळ्यात तिकडे निघालेले असतात, आणि ट्रेकच्या ग्रुपमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की गंगापूर रोडच्या त्या मावशींनी बिग बेंडचा लूप केलाय. प्रश्न तेच असतात, उत्तरं देताना मी मात्र दर वेळी काहीतरी विसरते. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं. मी भाच्याबरोबर फेब्रुवारीत गेले होते. वय तेव्हा एक्कावन्न, उजवा गुडघा थोडा कुरकुरणारा.

हा लूप नक्की कुठे आहे?

टेक्सासच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात रिओ ग्रँद नदी मोठं वळण घेते. त्या वळणावरूनच ‘बिग बेंड’ हे नाव पडलं. नदीच्या पलीकडे मेक्सिको. १९४४ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. आजूबाजूला सगळं चिवावा वाळवंट आणि मधोमध चिसोस नावाची डोंगररांग, अख्खी उद्यानाच्या आत. आउटर माउंटन लूप या डोंगरातून निघतो, वाळवंटात उतरतो आणि फिरून पुन्हा डोंगरात येतो. अंतर साधारण ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. बहुतेक लोक तीन दिवस आणि दोन रात्री घेतात.

सुरुवात होते चिसोस बेसिनमधून. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे तोही ५,४०० फुटांच्या घरात. तुम्ही गाडीतून पाय खाली ठेवता तेव्हाच कळसूबाईवर उभे असता, आणि चढ तिथून पुढे सुरू होतो. पिनॅकल्सच्या वाटेनं वर, मग बूट कॅन्यनमधून ज्युनिपर कॅन्यननं खाली वाळवंटात. तिथून डॉडसन ट्रेलनं डोंगराच्या पायथ्यालगत ११ मैलांहून जास्त आडवं जायचं. शेवटी ब्लू क्रीक कॅन्यननं परत वर, लगुना मेडोजवरून बेसिनला.

यातली मेख लक्षात घ्या. आपण गड चढतो तो ताज्या पायांनी आणि थकल्यावर उतरतो. इथे सगळ्यात नकोसा चढ तिसऱ्या दिवशी येतो. ब्लू क्रीकमध्ये वाळू आणि गोट्यांतून वर जाताना भाचा म्हणाला, “मावशी, आता फक्त दोन मैल.” मी त्याच्याशी पुढचा एक मैल बोलले नाही.

साल्हेर, हरिहर, कळसूबाई झालंय. तेवढं पुरेल ना?

पायांना पुरेल. सवयींना पुरणार नाही.

सह्याद्रीनं आपल्याला लाडावून ठेवलंय. गडावर टाकं असतंच. पायथ्याला वाडी असते, तिथे “मावशी, पाणी मिळेल का?” म्हटलं की हंड्यातलं गार पाणी आणि वर चहाचा आग्रह. कळसूबाईला रविवारी गेलात तर वाटेत लिंबू सरबतही मिळतं. आपला रामशेज मुघलांच्या फौजेपुढे वर्षानुवर्षं टिकला, त्यामागे मावळ्यांची जिद्द होतीच, पण वर कोरलेली पाण्याची टाकीही होती. आपण दोन बाटल्या घेऊन निघतो ते या भरवशावर, आणि तो भरवसा इतका अंगात मुरलेला असतो की आपल्याला तो दिसतच नाही.

डॉडसनवर असं काही नाही. वाडी नाही, टाकं नाही, गुराखी नाही, सावलीही जेमतेम. आम्हाला तीन दिवसांत पाच माणसं भेटली, त्यातली दोन पहिल्याच तासात.

पाणी किती न्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तसा तो असलाही पाहिजे.

उद्यानाचं म्हणणं आहे की माणशी रोज किमान एक गॅलन. गॅलन म्हणजे पावणेचार लीटरच्या किंचित वर. तीन दिवसांचं सव्वाअकरा लीटर होतं, आणि लीटरला किलो हा हिशेब टेक्सासमध्येही बदलत नाही. तंबू, झोपायची पिशवी आणि खाणं यांच्यावर सव्वाअकरा किलो पाणी पाठीवर घेऊन चिसोस चढणं माझ्यासारखीला शक्य नव्हतं.

म्हणून लोक वाटेत आधीच पाणी ठेवून येतात. लूपच्या पश्चिम बाजूला होमर विल्सन रँच म्हणून जागा आहे. उद्यान होण्याआधी तिथे मेंढ्या-बकऱ्या पाळत, दगडी घर अजून उभं आहे. ते रॉस मॅक्सवेल रस्त्यालगत असल्यानं साधी गाडी जाते, आणि पाणी ठेवायला तिथे अस्वलांना न उघडणारी लोखंडी पेटी आहे. ट्रेकच्या आदल्या दिवशी जाऊन तिथे कॅन ठेवायचे. कॅनवर मार्करनं नाव आणि आपण कधी उचलणार ती तारीख लिहायची, नाहीतर ते बेवारस समजले जातात. मी सवयीनं देवनागरीत नाव लिहिलं. भाच्यानं बघितलं, कपाळाला हात लावला आणि खाली इंग्रजीत पुन्हा लिहिलं. पूर्वेकडे ज्युनिपर कॅन्यनच्या तोंडाशीही पाणी ठेवता येतं, पण तो रस्ता उंच, फोर-व्हील गाडीचाच आहे. भाड्याच्या सेडाननं त्या वाटेला जाऊ नका.

माझा हिशेब असा होता. बेसिनच्या नळावर साडेसात लीटर भरलं. ते होमर विल्सनपर्यंतचं, म्हणजे दीड दिवस चालणं, एक रात्र आणि स्वयंपाक. पेटीत दोघांचे मिळून चार गॅलन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पेटीपाशी पोचले तेव्हा माझ्याकडे जेमतेम पाऊण लीटर उरलं होतं. एवढं कमी उरायला नको होतं, मला धाकधूक झाली होती. आता गेले तर आठ नेईन.

नकाशावर झरे दाखवलेत. ते?

आहेत, पण ते पावसाच्या मर्जीवर. बूट कॅन्यनमध्ये, वर ज्युनिपरपाशी, डॉडसनवर फ्रेस्नो क्रीकला कधी पाणी असतं, कधी नुसता ओला चिखल. निघायच्या दिवशी पँथर जंक्शनच्या व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरला विचारा, त्यांना अलीकडची खबर असते. फिल्टर जरूर न्या. झरा लागला तर ती वरकमाई धरायची, मूळ हिशेबात घ्यायची नाही.

पाणी भरपूर पिऊनही डोकं दुखतं, मळमळतं, असं का?

नुसतं पाणी पीत गेलात तर होणारच. घामातून मीठ जातं, आपण फक्त पाणी भरतो, रक्तातलं सोडियम पातळ होतं. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतं. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी उडून जातो, म्हणून घाम आलाय हेच कळत नाही. आपल्या उन्हाळ्यातही थोडं असंच असतं. मुंबईचे पाहुणे नाशिकला एप्रिलमध्ये येतात आणि म्हणतात, “इथे घामच येत नाही.” येतो हो.

दुकानातली ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. ती संपली तर एक लीटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाकी घोट-घोट पीत राहायचं, आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी खारट तोंडात टाकायचं. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की समजायचं मागे पडलोय. हे बोलायला संकोच वाटतो, पण आम्ही मावशी-भाचे एकमेकांना विचारत होतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्या भाषेत दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. मार्चमध्ये तिकडच्या कॉलेजांना सुट्टी असते आणि परवाने मिळणं मुश्किल होतं.

हिवाळा म्हणून गाफील राहू नका. डोंगरात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. निफाडची थंडी ठाऊक असेल, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला लावणारी, तर तिच्याहून एक पायरी पुढची धरून कपडे न्या. दुपारी मात्र खाली डॉडसनवर बाह्या ओढून घ्याव्यात असं ऊन.

आमची सुट्टी मे महिन्यातच असते.

मग हा लूप नको. मे-जून तिथला सगळ्यात तापता काळ, खालच्या भागात ३८ अंशांच्या वर. मुलांबरोबर बेसिनमधली एखादी छोटी वाट सकाळी करा. जूनच्या मध्यापासून तिथेही पावसाळा लागतो, आणि कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढा येतो.

नाशिकमध्ये सराव कुठे आणि कसा करायचा?

चार महिने धरा. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागले.

आठवड्यातून तीन सकाळी पांडवलेणी. पायऱ्या थोड्याच आहेत, म्हणून खाली-वर, खाली-वर. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पहिल्या आठवड्यात चार लीटर, दर आठवड्याला एक वाढवायचा. गुडघे जपायचे असतील तर शेवटच्या खेपेला वर पोचल्यावर पाणी तिथल्या झाडांना घालायचं आणि हलकं होऊन उतरायचं. रोज फिरायला येणारे एक आजोबा मला झाडांची सेवा करणारी भाविक समजत होते. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

रविवारी मोठी चाल. अंजनेरी, रामशेज, मग ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक त्र्यंबकेश्वरहून ही प्रदक्षिणा करतात, ती डोक्यातून काढा. डिसेंबरातल्या एखाद्या बुधवारी वीस किलोमीटरची छोटी फेरी सॅकसकट चाला, वाटेतल्या कुठल्याही टपरीवर न थांबता आणि फक्त पाठीवरचं पाणी पीत. पाय पहिल्यांदा तिथे तयार होतात आणि डोकंही. मला चौदाव्या किलोमीटरला एका टपरीवरून भज्यांचा वास आला तेव्हा माझी खरी परीक्षा झाली.

नंतर लागोपाठ दोन दिवस. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे टाळतात. शनिवारी पाच-सहा तास आणि रविवारी पुन्हा तेवढेच, भरलेल्या पोटऱ्यांनी. यासाठी सातमाळा रांग उत्तम. जानेवारीत हट्टी गावातून धोडप, दुसऱ्या दिवशी शेजारचं काहीतरी. गवत वाळून पिवळं पडलेलं, झाडी विरळ, वाट घसरडी. कोकणकड्याच्या बाजूच्या दाट रानापेक्षा ही उघडी रांग डॉडसनच्या कितीतरी जवळची आहे.

ऊन सोसायचा सराव म्हणून भर दुपारी एकट्यानं बाहेर पडू नका. उष्माघाताला घराजवळ की दूर हे कळत नाही.

बूट कोणते?

जे तुमच्या पायाला शंभर-दीडशे किलोमीटर ओळखतात ते. अमेरिकेत स्वस्त मिळतात म्हणून तिथे उतरून नवे घेतले आणि दुसऱ्या दिवशी ट्रेकला निघाले, असं आमच्या ओळखीतल्या एकांनी केलं. त्यांचा लूप बूट कॅन्यनला संपला. मोजे सुती नकोत. बोट किंवा टाच गरम लागली की लगेच थांबून टेप लावायचा, फोड यायची वाट बघायची नाही.

अंगावर काय घालावं? हाफ पँट चालेल?

चालेल, एक तासभर. मग लेचुगिया भेटेल.

आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात असतो ना, त्याची ही बुटकी, चिडकी बहीण. पानं घोट्यापासून पोटरीच्या उंचीची, सरळ वर रोखलेली आणि टोकाला सुईसारखा काटा. चिवावा वाळवंटाची ही ओळखीची खूणच. डॉडसनवर ती वाटेच्या दोन्ही अंगांना आहे. मी फुल पँट घातली होती, तरी एका ठिकाणी तोल सावरताना पाय बाजूला पडला आणि काटा कापडातून नडगीत शिरला. रक्ताचा एकच थेंब आला, पण ती जागा दोन दिवस ठणकत होती आणि आजही तिथे तिळाएवढा डाग आहे. जाड फुल पँट, घोट्याला गेटर्स, म्हणजे बुटावरून पायाला गुंडाळायची जाड कापडी आवरणं, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात बारीक चिमटा. निवडुंगाची कुसं काढायलाही तोच.

वर फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि रुंद काठाची टोपी. मी टोपीखालून सुती ओढणी मानेवर सोडली होती. येवल्याकडे शेतात राबणाऱ्या बायका डोक्यावरून पदर घेऊन कान-मान झाकतात ते उगाच नाही.

खायला काय न्यायचं? तिकडचं पाकिटातलं अन्न जात नाही.

आपला फराळच न्या, त्याला तोड नाही. नाशिकचा चिवडा खारट, तेलकट, हलका, म्हणजे वाळवंटाला हवा तसाच. डिंकाचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, निफाड-पिंपळगावकडचे मनुके, खाकरे. रात्रीसाठी घरीच भाजून फोडणी घातलेला उपमा आणि मेतकूट घातलेला तांदळाचा मऊ रवा, दोन्ही उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत. पण ते पाणीही त्याच साडेसात लीटरमधलं, हे विसरू नका. दुपारी शिजवायचं नाही.

विमानात खवा, ताजी फळं, भाज्या नकोत. विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगायचं. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो तिथेच घ्या. लाकडं पेटवायला बंदी आहे, शेकोटीचं स्वप्न इथेच सोडा.

अस्वलं आहेत म्हणे?

काळी अस्वलं आहेत. एकेकाळी इथून नाहीशी झाली होती, मग मेक्सिकोच्या डोंगरांतून ओलांडून परत आली. प्यूमाही आहे, त्याला तिथे माउंटन लायन म्हणतात. रानडुकरासारखे दिसणारे जॅवेलिना तर कळपानं फिरतात. चिसोसमधल्या कॅम्पच्या जागांवर लोखंडी पेट्या असतात. अन्न, टूथपेस्ट, क्रीम, वास येणारं सगळं त्यात. वाळवंटातल्या मोकळ्या झोनमध्ये पेटी नसते, तिथे परवाना देताना रेंजर सांगतील तसं करायचं.

मला विचाराल तर सकाळी बूट झटकणं जास्त महत्त्वाचं. विंचू.

परवाना कसा मिळतो?

रात्री मुक्काम करायचा तर परवाना लागतोच. चिसोसमधल्या काही जागा काही महिने आधी ऑनलाइन आरक्षित होतात, त्यामुळे तारखा ठरल्या की आधी ते काम. आणखी एक, बेसिनमधलं जुनं लॉज पाडून नवं बांधायची योजना आहे आणि त्यासाठी बेसिन दीर्घकाळ बंद राहू शकतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर सध्याची स्थिती बघा.

पासपोर्ट ट्रेकला न्यायचा की भाच्याच्या घरी ठेवायचा?

बरोबर न्यायचा. उद्यानातून उत्तरेकडे परतताना रस्त्यावर सीमा-गस्तीचं नाकं लागतं आणि ते विचारतात. पासपोर्ट झिपच्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी. आम्हाला अर्धा मिनिट थांबवलं आणि सोडलं.

फोनला रेंज असते का?

धरून चालू नका. लूपच्या बहुतेक भागात नाही. भाच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र होतं, त्यावरून रोज संध्याकाळी घरी एक ओळ जायची. ते यंत्र कौतुकानं भारतात मात्र आणू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक अडकलेत. तिकडेच भाड्यानं घ्या, तिकडेच परत करा.

कागदी नकाशा हवाच. आणि घरच्यांना ठरलेली वेळ सांगून ठेवा, अमुक वाजेपर्यंत निरोप नाही आला तर उद्यानाला कळवायचं. सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय अल्पाइन गावात, सुमारे १०० मैलांवर.

बीपी, शुगर आहे. जाऊ शकतो का?

हे मी सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील. एवढंच करा, त्यांना “फिरायला चाललोय” म्हणू नका. तीन दिवस, ४८ किलोमीटर, बारा-चौदा किलो वजन, कोरडं ऊन, असं आकड्यांत सांगा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्याबद्दल खास विचारा. आणि प्रवासविम्यात ट्रेकिंग धरलंय का ते वाचून घ्या.

मागे कधी फिरायचं, हे कसं ठरवायचं?

ते बेसिनमध्येच ठरवून निघायचं, वाटेत नाही. ज्युनिपर उतरायच्या आधी, वर डोंगरात असताना स्वतःला विचारायचं: पाणी ठरल्याएवढं आहे? पाय ठीक? कुणाला उलटी, चक्कर? एकाचंही उत्तर वाकडं आलं तर तिथूनच बेसिनला उतरायचं. ती वाट ओळखीची आणि सावलीची आहे. एकदा वाळवंटात उतरलात की परतीची वाट म्हणजे तोच अख्खा चढ.

एवढे कष्ट करून तिथे बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न बहुधा यजमानांकडून येतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना डॉडसनवर तंबूची चेन उघडली तर समोर दक्षिणेला एकामागे एक निळ्या रांगा, शेवटच्या मेक्सिकोतल्या. ओकोटियो या काटेरी झुडपाच्या काठ्यांना अजून पालवी नव्हती, हवेत थंड धुळीचा वास होता आणि इतकी शांतता की भाचा पलीकडे चिवडा खात होता तो मला ऐकू येत होता. रात्रीचं आकाश तर वेगळंच. २०१२ पासून हे उद्यान अंधाऱ्या आकाशासाठी अधिकृतपणे नावाजलेलं आहे. लहानपणी दिंडोरीला मामाच्या गच्चीवर झोपायचो तेव्हा दिसायची तेवढी आकाशगंगा मला चाळीस वर्षांनी तिथे दिसली.

रिकामे कॅन पेटीत ठेवले तर चालतात?

नाही. चेपून सॅकला बांधायचे. टॉयलेट पेपरसुद्धा पिशवीत घालून परत.

लूप संपल्यावर चहा मिळतो का?

आपल्याला हवा तसा नाही. गाडीच्या डिकीत एका डब्यात चहापूड, साखर, सुंठ आणि दुधाची भुकटी ठेवून जा, आणि स्टोव्हमध्ये एक कप उकळण्याएवढा गॅस राखा. आम्ही राखला नव्हता.